कॉन्टॅक्ट बायनरी तारे गच्चीवरून मोजताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात बिल्डिंगच्या गच्चीवर दुर्बीण लावून बसायला लागल्यापासून लोक मला साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. काही व्हॉट्सअॅपवर येतात, काही शाळेत कार्यक्रम झाला की नंतर चहा घेताना येतात. दरवेळी नव्याने टाइप करत बसण्यापेक्षा सगळं इथे एकत्र लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी, डोकं खाणारे नंतर. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात आला असेल तर तिथला नंबर दिलाय, तो बघा.

१. कॉन्टॅक्ट बायनरी म्हणजे नक्की काय? दोन तारे खरंच एकमेकांना चिकटलेले असतात का?

हो, खरंच चिकटलेले. दोन तारे एकमेकांभोवती इतक्या जवळून फिरतात की दोघांचे बाहेरचे थर एकमेकांत मिसळलेले असतात आणि दोघांना मिळून एकच कवच असतं, भुईमुगाच्या शेंगेत दोन दाणे असतात ना, अगदी तसा आकार. सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे सप्तर्षीतला डब्ल्यू उर्सा मेजॉरिस, थोडक्यात डब्ल्यू यूएमए. म्युलर आणि केम्प्फ या दोघांनी १९०३ मध्ये तो शोधला आणि त्याच्याच नावावरून या सगळ्या जातीला डब्ल्यू यूएमए तारे म्हणतात. डब्ल्यू उर्सा मेजॉरिसमधल्या दोन ताऱ्यांच्या केंद्रांमधलं अंतर साधारण सतरा लाख किलोमीटर, म्हणजे पृथ्वी-चंद्र अंतराच्या जेमतेम साडेचार पट, आणि एवढ्याशा जागेत एक सूर्याहून थोडा जड आणि एक सूर्याच्या निम्म्या वजनाचा असे दोन अख्खे तारे बसलेत. एक फेरी आठ तासांत पूर्ण. आपण ऑफिसला जाऊन परत येईपर्यंत त्यांचं एक वर्ष संपलेलं असतं.

२. दुर्बिणीतून तर एकच ठिपका दिसतो, मग दोन आहेत हे कळतं कशावरून?

ठिपका एकच दिसणार, कुठल्याही दुर्बिणीतून. डब्ल्यू यूएमए सुमारे १७० प्रकाशवर्षं लांब आहे आणि तिथले दोन तारे वेगळे दिसायला जो कोन लागतो तो आर्कसेकंदाच्या दोन दशहजारांशाएवढा येतो. पण ठिपक्याचा उजेड बदलतो. एक तारा दुसऱ्याच्या पुढे आला की उजेड कमी होतो, दोघं शेजारी-शेजारी आले की वाढतो. ७.७५ प्रतीचा तारा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ८.४८ पर्यंत उतरतो, म्हणजे निम्मा उजेड गायब होतो आणि चार तासांत परत पहिल्यासारखा. दर मिनिटाला मोजून ग्राफ काढला की तोच लाइट कर्व्ह, आणि दोन तारे आहेत ही गोष्ट त्या ग्राफच्या आकारात लिहिलेली असते. (वर्णपटातून पण कळतं, ते प्रश्न १४ मध्ये.)

३. अल्गोल पण ग्रहण लागणारा तारा आहे ना? मग फरक काय?

ययातीतला अल्गोल बराच वेळ सपाट असतो, मग अचानक खाली जातो, परत वर येतो आणि पुन्हा सपाट. त्याचा २.८६७ दिवसांचा पिरियड (म्हणजे एका फेरीचा वेळ) गुडरिक या तरुणाने १७८३ मध्ये मांडला. अल्गोलमधले दोघं एकमेकांपासून सुटे आहेत, म्हणून ग्रहण नसताना उजेड जवळपास सारखा राहतो. कॉन्टॅक्ट बायनरीचा ग्राफ कुठेच सपाट नसतो, डोंगर-दरी-डोंगर-दरी असा सतत हलता, कारण ग्रहण नसतं तेव्हाही शेंग फिरत असते आणि कधी आडवी तर कधी टोकाकडून दिसते. दुसरी खूण म्हणजे दोन्ही दऱ्या जवळपास सारख्याच खोल असतात. कवच एकच असल्याने दोघांचं तापमान जवळजवळ सारखं होतं, म्हणून कोणी कोणाला झाकलं तरी तूट तेवढीच.

४. ठाण्यातून मोजून पाच-सहा तारे दिसतात. इथून हे शक्य तरी आहे का, की वांगणीला जावंच लागेल?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यामुळेच बरेच जण सुरुवातच करत नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आकाशगंगा बघायची असेल तर वांगणी, मुरबाड, माळशेजकडे जा, त्याला पर्याय नाही. पण उजेड मोजायला काळं आकाश लागतंच असं नाही, कारण आपण ताऱ्याचा उजेड एकट्याचा मोजतच नाही. त्याच फोटोत शेजारी असलेल्या एका स्थिर ताऱ्याशी तुलना करतो. धूर आला, विरळ ढग आला, शेजारच्या टॉवरच्या बांधकामावरचा फ्लडलाइट लागला, तरी दोघांवर जवळपास सारखाच परिणाम होतो आणि गुणोत्तर टिकून राहतं. याला डिफरन्शियल फोटोमेट्री म्हणतात. आकाशाचा उजेड वजा करायला सॉफ्टवेअर ताऱ्याभोवती एक कडं घेतं, त्या कड्यातलं रिकामं आकाश मोजतं आणि ताऱ्याच्या आकड्यातून कमी करतं.

शहराच्या उजेडाने आवाज वाढतो, म्हणजे ग्राफवरचे ठिपके जास्त विखुरतात, हे खरं आहे. पण जिथे निम्मा उजेड जातो तिथे दोन-तीन टक्क्यांच्या विखुरण्याने काही बिघडत नाही. मी माझा पहिला मिनिमम, म्हणजे उजेड सगळ्यात कमी होण्याचा क्षण, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसून पकडला, खाली हायवेचा आवाज, समोर सगळ्या खिडक्यांत लाइट. रात्री दीडच्या सुमारास लॅपटॉपवर ठिपके खाली-खाली जायचे थांबले, पाच-सात मिनिटं तिथेच रेंगाळले आणि मग एक ठिपका वर आला, त्याच्या मागचा त्याहून वर. त्या क्षणी तिकडे एक तारा दुसऱ्याच्या बरोबर समोरून पार झाला होता. फक्त त्याची बातमी आपल्यापर्यंत यायला १७० वर्षं लागली.

ठाणे पश्चिमेला राहत असाल तर एक फायदा आहे, येऊरच्या बाजूला जंगल असल्याने मावळतीकडचं आकाश त्यातल्या त्यात बरं असतं. दक्षिणेला मुलुंड आणि पुढे अख्खी मुंबई, तिकडचे खालचे तारे टाळा. खारघरवाल्यांना डोंगराचा आडोसा मिळतो. वाशी-नेरूळला खाडीची दमट हवा त्रास देते, लेन्सवर दव बसतं आणि ग्राफ हळूहळू घसरत जातो, तो घसरणारा ग्राफ बघून ताऱ्याचं ग्रहण समजू नका. दर अर्ध्या तासाने बॅटरीने काच बघायची आणि दव दिसलं तर हेअर ड्रायर कोमट करून लांबून फिरवायचा.

५. सामान काय लागतं? खूप खर्च आहे का?

तीन गोष्टी लागतात. आकाशाबरोबर फिरणारा माउंट (म्हणजे दुर्बिणीचा स्टँड), रॉ फाइल देणारा कॅमेरा आणि बरी लेन्स किंवा छोटी दुर्बीण. ८० मिलिमीटरची दुर्बीण या कामाला भरपूर झाली. घरात पडलेला डीएसएलआर आणि २०० मिलिमीटरची लेन्स असेल तर ट्रॅकर तेवढा घ्या आणि सुरुवात करा. डीएसएलआरमध्ये फक्त हिरवा चॅनल वापरायचा, तो ताऱ्यांचा उजेड मोजायला सगळे वापरतात त्या प्रमाण व्ही फिल्टरच्या सगळ्यात जवळ जातो. जेपेग अजिबात नको, कारण जेपेग करताना कॅमेरा उजेडाचे आकडे स्वतःच्या मर्जीने बदलतो. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, अॅस्ट्रोइमेजजे किंवा सिरिल, दोन्ही चांगले आहेत.

मोठी दुर्बीण आधी घेऊ नका. माझ्या ओळखीत दोघांनी घेतली, दोन्ही माळ्यावर पडून आहेत, कारण दर वेळी गच्चीवर चढवणं जमत नाही. जी एकट्याने, एका फेरीत, लिफ्ट बंद असताना सुद्धा वर नेता येईल ती आपली.

६. पहिला तारा कोणता घेऊ?

डब्ल्यू यूएमए. मार्चच्या मध्यात रात्री पावणेअकराच्या सुमारास तो उत्तरेला सगळ्यात उंच असतो, ठाण्यातून ५३ अंशांवर. तीस अंशांच्या वर तो साधारण साडेआठ तास राहतो आणि त्याची फेरी आठ तासांची, म्हणजे जानेवारीच्या शेवटी एका रात्रीत अख्खी फेरी पकडता येते. संपूर्ण गोष्ट एका बैठकीत! ग्रहण लागणाऱ्या इतर बऱ्याच ताऱ्यांच्या बाबतीत आठवडे जातात.

याच्यात एक गंमत पण आहे जी मला खूप आवडते. पिरियड ०.३३३६ दिवस, म्हणजे तीन फेऱ्या मिळून एक दिवस आणि वर साधारण ७८ सेकंद. त्यामुळे आज रात्री नऊला मिनिमम आला तर उद्या नऊ वाजून एक मिनिट अठरा सेकंदांनी, आणि पुढच्या आठवड्यात त्याच वारी नऊ वाजून नऊ मिनिटांनी. दूधवाल्यासारखा, रोज त्याच वेळेला. ढगांमुळे एक रात्र गेली तरी दुसऱ्या रात्री तोच भाग परत मिळतो. याचाच तोटा असा की तुम्ही रोज फक्त नऊ ते अकरा बसत असाल तर महिनाभर तोच तुकडा दिसत राहील, बाकीची फेरी कधी दिसणारच नाही. म्हणून एखाद्या शनिवारी रात्रभर जागायची तयारी ठेवा.

डिसेंबरमध्ये सुरू करत असाल तर मृगातल्या राजन्य ताऱ्याच्या पश्चिमेला वायवाय एरिडानी आहे, ८.१ ते ८.८ प्रत, पिरियड ०.३२१५ दिवस. हा रोज सुमारे ५१ मिनिटं आधी येतो, त्यामुळे फेरीचे वेगवेगळे भाग आपोआप मिळत जातात. इथून ६० अंश उंच जातो, सोयीचा आहे.

७. सगळ्यात तेजस्वी कॉन्टॅक्ट बायनरी म्हणून दक्षिण मुकुटातल्या एप्सिलॉनचं नाव वाचलं. तोच का नको?

तारा छान आहे, ४.७४ ते ५.०० प्रत, पण आपल्यासाठी गैरसोयीचा. ठाण्यातून जास्तीत जास्त ३४ अंश वर येतो आणि तोही दक्षिणेला मुंबईच्या उजेडात. शिवाय तो मध्यरात्री सगळ्यात वर यायचे दिवस नेमके पावसाळ्याचे. मे महिन्यात पहाटे तीन-चारला उठायची तयारी असेल तर जरूर करा, साधी कॅमेरा लेन्स पुरते. उजेडातला फरक पाव प्रतीचाच आहे, त्यामुळे प्रश्न ८ आणि १० मधली काळजी दुप्पट घ्यावी लागेल.

८. तुलनेचा तारा कसा निवडायचा? जवळचा कुठलाही चालेल का?

कुठलाही नाही चालणार. तो स्वतः बदलणारा नको, रंगाने आपल्या ताऱ्याच्या जवळचा हवा, आणि तेजातही फार लांबचा नको. रंगाचं कारण असं की तारा क्षितिजाकडे उतरला की हवा निळा उजेड जास्त खाते, मग निळसर तुलनेचा तारा पिवळ्या जोडीपेक्षा जास्त मंदावतो आणि तुमच्या ग्राफला खोटा उतार येतो. एएव्हीएसओ या बदलणारे तारे मोजणाऱ्यांच्या, १९११ पासून चालू असलेल्या अमेरिकन संस्थेच्या साइटवर प्रत्येक ताऱ्याचा तक्ता फुकट मिळतो, त्यात मोजलेले तारे दिलेले असतात, तेच घ्या. आणि नेहमी दोन घ्या. एक तुलनेसाठी आणि दुसरा चेक म्हणून. त्या दोघांमधला फरक रात्रभर सरळ रेषेत राहिला पाहिजे. ती रेष वाकडी झाली तर त्या रात्रीच्या ग्राफवर विश्वास नको, कितीही सुंदर दिसत असला तरी.

९. एक्स्पोजर किती ठेवू?

आठव्या प्रतीच्या ताऱ्याला छोट्या दुर्बिणीतून २० ते ४० सेकंद. फार कमी ठेवलं तर हवेच्या थरथरण्यामुळे ठिपके नाचतात, फार जास्त ठेवलं तर तारा जळतो, म्हणजे पिक्सेल भरून वाहतो आणि मग आकड्याला अर्थच राहत नाही. १६ बिटच्या कॅमेऱ्यात ६५५३५ ही मर्यादा, १४ बिटच्या डीएसएलआरमध्ये १६३८३, आपल्या ताऱ्याचं शिखर याच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. फोकस मुद्दाम थोडा सैल केला तरी चालतं, उलट बरंच. एका एक्स्पोजरचा वेळ पिरियडच्या एक टक्क्याहून जास्त नको, नाहीतर दरीचा तळ पुसट होतो.

१०. फ्लॅट आणि डार्क खरंच लागतात का? कंटाळा येतो हो.

लागतात (फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजेडाचे फोटो, डार्क म्हणजे झाकण लावून काढलेले), आणि कंटाळा मला पण येतो, पण एक प्रसंग सांगते. मागे एका रात्री मध्यरात्रीनंतर माझ्या ग्राफमध्ये एकदम पायरी आली, सगळे ठिपके एका झटक्यात पाच टक्के वर. मला वाटलं ताऱ्यावर काहीतरी झालं, दोन दिवस त्याच विचारात होते. मग वेळ ताडून बघितली तर बरोबर त्या क्षणी तारा मध्यमंडल, म्हणजे डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, ओलांडून गेला होता आणि माउंटने दुर्बीण उलटी फिरवली होती. तारा सेन्सरच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला आणि पहिल्या कोपऱ्यात काचेवर धुळीचा एक कण होता, एवढंच. फ्लॅट काढलेले असते तर त्या कणाचा परिणाम तिथल्या तिथे निघून गेला असता. ठाण्यात सगळीकडे बांधकामं, धूळ तर रोजचीच. पांढरा स्वच्छ टी-शर्ट दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बांधा, संध्याकाळच्या एकसारख्या उजेडात वीस फोटो काढा, दहा मिनिटांचं काम आहे.

११. वेळ इतकी अचूक कशाला? दोन-चार मिनिटं इकडेतिकडे झाली तर काय बिघडतं?

सगळं बिघडतं. मला विचाराल तर या छंदात उजेडापेक्षा वेळ जास्त मोलाची आहे. उजेड थोडा चुकला तर ठिपका थोडा वरखाली होतो, पण वेळ चुकली तर ताऱ्याचा इतिहासच चुकतो.

हिशोब करून बघा. डब्ल्यू यूएमएच्या वर्षाला सुमारे १०९५ फेऱ्या होतात. पिरियडमध्ये दिवसाच्या एक दशलक्षांशाची चूक, म्हणजे सेकंदाच्या अकराव्या-बाराव्या भागाएवढी, दहा वर्षांत साचून सोळा मिनिटांची होते. याच्याच उलट, दहा वर्षांनी मिनिमम सोळा मिनिटं उशिरा आला तर पिरियडमधला तो इवलासा बदल आपल्याला गच्चीवरून कळतो. पण हे कधी, तर दोन्ही टोकांच्या वेळा मिनिटाच्या आत खऱ्या असतील तरच.

म्हणून एवढं कराच. लॅपटॉपचं घड्याळ सुरुवातीला आणि मध्ये एकदा इंटरनेटशी जुळवा. फाइलमध्ये बहुतेक वेळा एक्स्पोजर सुरू झाल्याची वेळ असते, आपल्याला मधली वेळ हवी, म्हणून निम्मं एक्स्पोजर मिळवा. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करा. मग ज्युलियन डेट काढा, म्हणजे महिना-वर्ष न मानता एकामागून एक सलग मोजलेले दिवस. ही तारीख जागतिक वेळेच्या दुपारी बाराला बदलते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला, त्यामुळे आपली सगळी रात्र एकाच ज्युलियन तारखेत बसते, हे आपल्याला फारच सोयीचं आहे. पडताळायचं असेल तर २४ फेब्रुवारी २०२३ ला संध्याकाळी साडेपाच वाजता २४६०००० सुरू झाला.

शेवटी सूर्याची दुरुस्ती. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याच्या कधी जवळ असते कधी लांब, त्यामुळे उजेड जास्तीत जास्त सव्वाआठ मिनिटं लवकर किंवा उशिरा पोचतो. सॉफ्टवेअर ही दुरुस्ती आपोआप करतं, पण ताऱ्याचे निर्देशांक बरोबर भरले असतील तरच. तुम्ही कुठली वेळ वापरली, दुरुस्तीआधीची की नंतरची, ते फाइलमध्ये लिहून ठेवा. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही.

१२. ओ मायनस सी काय प्रकार आहे?

ओ म्हणजे आपण बघितलेली मिनिममची वेळ, सी म्हणजे सूत्राने काढलेली. सूत्र सोपं, जुनी एखादी पक्की वेळ घ्या आणि तीत पिरियड गुणिले फेऱ्यांची संख्या मिळवा. दोघांतला फरक वर्षानुवर्षं मांडत गेलं की चित्र उभं राहतं. फरक शून्यावर आडवा राहिला तर पिरियड बरोबर. तिरकी सरळ रेष आली तर पिरियड चुकीचा धरलाय. रेष कढईसारखी वाकली तर पिरियड हळूहळू बदलतोय, बऱ्याचदा एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे माल जातोय म्हणून. आणि लाटेसारखी वरखाली झाली तर कदाचित तिसरा तारा आहे, जो या जोडीला पुढेमागे ओढतोय. अशा जोड्यांना तिसरा सोबती असणं फार कॉमन आहे.

मिनिममची नेमकी वेळ काढायला क्वी आणि व्हान वर्डेन यांची १९५६ ची पद्धत अजून चालते. ग्राफ घडी घालून दोन्ही बाजू कुठे जुळतात ते बघायचं, तत्त्व एवढंच. त्यासाठी दरीच्या दोन्ही उतारांवरचे ठिपके हवेत, नुसता तळ पकडून भागत नाही.

१३. दोन डोंगर सारखे उंच का येत नाहीत? माझं काही चुकलं का?

आधी प्रश्न ८ मधला चेक तारा बघा, तो सरळ असेल तर तुमचं काही चुकलेलं नाही. याला ओकॉनेल इफेक्ट म्हणतात. हे तारे आठ-दहा तासांत एक गिरकी घेतात, त्या वेगाने त्यांचं चुंबकीय क्षेत्र जोरदार होतं आणि सूर्यावर असतात तसे पण त्याहून कितीतरी मोठे डाग पडतात. डागाची बाजू आपल्याकडे आली की तो डोंगर बुटका. डाग बदलतात, म्हणून या वर्षी बुटका असलेला डोंगर पुढच्या वर्षी उंच असू शकतो. सगळ्या ताऱ्यांना डागांचं स्पष्टीकरण लागू पडतंच असं नाही, काही ठिकाणी एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर पडणाऱ्या प्रवाहाने तापलेला भाग पण कारण असू शकतो. मला तर दर सीझनला तोच तारा परत मोजायला याच कारणाने आवडतं.

१४. नुसत्या लाइट कर्व्हवरून ताऱ्यांची वस्तुमानं काढता येतात का?

किलोत मोजावी तशी नाही. ग्राफवरून आकार, कल (म्हणजे जोडीची कक्षा आपल्या दिशेला किती कललेली आहे ते), तापमानांचं गुणोत्तर मिळतं. वस्तुमानाला वेग लागतो आणि वेग वर्णपटातल्या रेषा सरकतात त्यावरून कळतो. त्याला मोठी दुर्बीण हवी, आपल्या जवळची म्हणजे जुन्नरकडे गिरवलीला पुण्याच्या आयुका या संस्थेची दोन मीटरची आहे.

एक अपवाद मात्र उपयोगी आहे. दरीचा तळ सपाट असेल, म्हणजे छोटा तारा मोठ्यामागे पूर्णपणे लपत असेल, तर निदान दोन वस्तुमानांचं गुणोत्तर लाइट कर्व्हवरून बऱ्यापैकी भरवशाने निघतं. ग्रहण खंडग्रास असेल तर वेगवेगळी गुणोत्तरं आणि वेगवेगळे कल मिळून तोच ग्राफ देऊ शकतात. फीबी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये, जे विल्सन आणि डेव्हिनी यांच्या १९७१ च्या पद्धतीवर उभं राहिलंय, तुम्ही काहीही आकडे घालून सुंदर जुळणारी रेष काढू शकता. रेष जुळली म्हणजे उत्तर बरोबर, असं नाही.

१५. जास्त खोल दरी म्हणजे मोठा तारा झाकला जातोय, बरोबर ना?

नेहमी नाही, आणि इथे चांगले चांगले फसतात. खोल दरी म्हणजे जास्त गरम तारा झाकला जातोय. काही जोड्यांमध्ये जड तारा जास्त गरम असतो, त्यांना ए प्रकार म्हणतात. काहींमध्ये छोटा हलका तारा किंचित जास्त गरम असतो, तो डब्ल्यू प्रकार. ही विभागणी बिनेनडाइक यांनी १९७० मध्ये केली. आपला डब्ल्यू यूएमए स्वतः डब्ल्यू प्रकारचा, त्यामुळे त्याच्या खोल दरीत छोटा तारा मागे गेलेला असतो.

१६. माझा पिरियड कॅटलॉगमधल्याच्या बरोबर निम्मा येतोय!

दोन्ही दऱ्या सारख्या खोल असल्याने सॉफ्टवेअरला दोन्ही एकच वाटतात. दुप्पट करून सगळ्या फेऱ्या एकावर एक ठेवून परत ग्राफ काढा, दोन दऱ्यांच्या खोलीत किंवा दोन डोंगरांच्या उंचीत (प्रश्न १३) थोडा तरी फरक दिसेल. तसंही ०.२२ दिवसांच्या, म्हणजे सव्वापाच तासांच्या, खालच्या पिरियडचे कॉन्टॅक्ट तारे फार विरळ आहेत, त्यामुळे तुमचं उत्तर चार तास आलं असेल तर आधी दुप्पटच करून बघा.

१७. मला एक नवीन बदलणारा तारा सापडलाय, पण तो जोडतारा आहे की स्वतःच फुगणारा-आकसणारा, कसं ओळखू?

रंग बघा. निळ्या आणि लाल अशा दोन फिल्टरमधून आळीपाळीने मोजा. फुगणारा-आकसणारा तारा गरम-थंड होतो, म्हणून निळ्यात त्याचा चढउतार लालपेक्षा स्पष्टपणे मोठा येतो. कॉन्टॅक्ट जोडीचं तापमान सगळीकडे जवळपास सारखं, म्हणून दोन्ही फिल्टरमध्ये ग्राफ साधारण एकसारखाच. आणि जाहीर करण्याआधी एएव्हीएसओच्या व्हीएसएक्स यादीत शोधा, बरेचदा तो आधीच सापडलेला असतो.

१८. जून ते सप्टेंबर काय करायचं?

टेसचा डेटा उघडायचा. नासाचा हा उपग्रह एप्रिल २०१८ मध्ये गेला, त्याची मोजमापं सगळ्यांसाठी खुली आहेत आणि पायथॉनमध्ये लाइटकर्व्ह नावाचं पॅकेज आहे, त्याने लॅपटॉपवर ती उतरवता येतात. जवळपास चार आठवडे सलग मोजलेला ग्राफ मिळतो, जो आपल्याला कधीच शक्य नाही. दोन गोष्टी सांभाळा. टेसचा एक पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, म्हणून शेजारच्या ताऱ्याचा उजेड मिसळतो आणि दरी आहे त्याहून उथळ दिसते. दुसरं, सुरुवातीच्या वर्षांतले पूर्ण फ्रेमचे फोटो अर्ध्या-अर्ध्या तासाचे आहेत, आठ तासांच्या फेरीला फक्त सोळा ठिपके, तळ गोलसर होतो. त्यावरून सपाट तळाचा निष्कर्ष काढू नका.

१९. हे दोन तारे शेवटी एकमेकांत मिसळणार का? आपल्याला बघायला मिळेल?

मिसळतात, आणि एकदा तरी ते पुराव्यानिशी बघितलं गेलंय. सप्टेंबर २००८ मध्ये वृश्चिकेत व्ही१३०९ नावाचा तारा भडकला. ओगल या आकाश मोजणाऱ्या प्रकल्पाने तो भाग आधीच्या वर्षांत सतत मोजला होता म्हणून टिलेंडा आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये जुने फोटो काढून बघितले. तिथे चक्क १.४ दिवसांची जोडी होती, पिरियड दरवर्षी जास्त जास्त वेगाने कमी होत होता, आणि दोन डोंगरांचा ग्राफ हळूहळू एका डोंगराचा होत गेला होता.

मग २०१७ मध्ये हंस तारकासमूहातल्या केआयसी ९८३२२२७ बद्दल भाकीत आलं की ती जोडी २०२२ च्या सुमारास मिसळेल. किती जण वाट बघत होतो! २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने जुना डेटा परत तपासला तर एका जुन्या पेपरमध्ये ग्रहणाची वेळ छापताना बारा तासांची चूक झालेली निघाली. त्या जोडीचा पिरियड जवळपास अकरा तास, त्यामुळे बारा तासांची चूक म्हणजे एक पूर्ण फेरी आणि वर साधारण एक तास. फेरी कोणाला दिसली नाही, तो एक तास तेवढा पिरियड बदलल्यासारखा दिसला. भाकीत गेलं. प्रश्न ११ मध्ये मी वेळेवर एवढं का लिहिलं ते आता कळलं असेल.

२०. मी मोजलेलं कोणाला उपयोगी पडेल का? कुठे पाठवू?

पडतं. एएव्हीएसओवर खातं उघडून ठिपके आणि मिनिममच्या वेळा दोन्ही पाठवता येतात. पाठवताना फिल्टर, तुलनेचा तारा आणि वेळेचा प्रकार लिहा. अर्धवट रात्रीचा डेटा पण पाठवा, ढगांमधून मिळालेला एक स्वच्छ मिनिमम सुद्धा ओ मायनस सीच्या ग्राफवर पूर्ण वजनाचा ठिपका असतो. मूळ फोटो मात्र जपून ठेवा, फ्लॅट-डार्कसकट, आणि फोल्डरला संध्याकाळची तारीख द्या, म्हणजे बारानंतर कॅलेंडर बदललं तरी एका रात्रीचे फोटो दोन ठिकाणी विखुरत नाहीत.